सॉईल हेल्थ कार्ड मोबाईलवर कसं वाचायचं? निलंग्याच्या काळ्या मातीचं उदाहरण घेऊन सविस्तर माहिती

गावाकडून व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ येते. वर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, खाली १२ ओळींचा तक्ता, त्यात हिरवे-लाल रंग. सोबत आबांचा किंवा काकांचा व्हॉइस मेसेज असतो, "बघ रं बाबा, ह्यात काय लिवलंय, किती डीएपी टाकायचं?" आणि आपण, ज्याला घरात सगळे 'कॉम्प्युटरवाला' म्हणतात, ते झूम करून नुसतं बघत बसतो. हा लेख त्या पीडीएफसाठी आहे. उदाहरण निलंगा तालुक्याचं घेतलंय, कारण मी तिकडचा आहे आणि तिथली सोयाबीन-तुरीची काळी रानं मला माहीत आहेत. पण लातूर, नांदेड, धाराशिव, बीदर सीमेवरच्या कुठल्याही काळ्या मातीला यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

कार्ड म्हणजे नेमकं काय?

सॉईल हेल्थ कार्ड, म्हणजे मृद आरोग्य पत्रिका, ही केंद्र सरकारची योजना. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगड इथं तिची सुरुवात झाली. कार्डावर १२ गोष्टी मोजलेल्या असतात: सामू (पीएच), क्षारता (ईसी), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्यं. २०२३ मध्ये पोर्टल नव्यानं बांधलं. आता नमुना घेणाऱ्याच्या मोबाईल ॲपमध्ये जीपीएसचे आकडे आपोआप नोंदले जातात आणि नमुन्याला क्यूआर कोड मिळतो. पोर्टलवर मोबाईल नंबर टाकून कार्ड डाऊनलोड करता येतं, भाषा मराठी निवडता येते.

तक्ता वाचायच्या आधी एक गोष्ट तपासा, ती ९० टक्के लोक तपासत नाहीत असं मला वाटतं: ही माती आपल्याच रानातली आहे का? योजनेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत नमुने ग्रिडनं घेतले जात. बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, कोरडवाहूत १० हेक्टरला एक. १० हेक्टर म्हणजे जवळपास २५ एकर. निलंग्यासारख्या भागात, जिथं भावकीत वाटण्या होऊन दोन-चार एकराचे तुकडे झालेत, तिथं २५ एकरात सहा-सात घरांची रानं सहज येतात. नमुना एकाच्या बांधातला आणि कार्ड सगळ्यांच्या नावानं, असं होऊ शकतं. शेजाऱ्याचं रान खोलगट, नदीकाठचं असेल आणि आपलं माळावरचं मुरमाड, तर त्या कार्डाचा आपल्याला उपयोग किती? म्हणून जुनं कार्ड असेल तर त्यावरचा गट नंबर आणि जीपीएसचे आकडे बघा. आकडे गुगल मॅपमध्ये टाका. पिन आपल्या बांधात पडली तरच पुढं वाचा. नसेल तर लेखाच्या शेवटी नमुना कसा घ्यायचा ते दिलंय, तो घेऊन नवीन तपासणी करून घ्या.

आकडा आणि रंग यात फरक आहे

समजा कार्डावर असे आकडे आलेत (हे मी समजावण्यासाठी घेतलेलं उदाहरण आहे, कुणाचं खरं कार्ड नाही):

सामू ८.१
क्षारता ०.२८ डेसीसायमन प्रति मीटर
सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के
नत्र १६५, स्फुरद ११, पालाश ४१० (किलो प्रति हेक्टर)
गंधक ७, जस्त ०.४८, लोह ३.९, तांबे १.१, मंगल ६.५, बोरॉन ०.६ (पीपीएम)

आता सेंद्रिय कर्ब बघा, ०.४२. देशपातळीवर जी तीन पायऱ्यांची वर्गवारी वापरतात त्यात ०.५० च्या खाली म्हणजे 'कमी'. पण महाराष्ट्रात सहा पायऱ्यांची वर्गवारी आहे, त्यात ०.४१ ते ०.६० म्हणजे 'मध्यम'. माती तीच, आकडा तोच, लेबल वेगळं. म्हणून रंग बघून निर्णय घेऊ नका, आकडा बघा. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. डेटा एक असतो आणि डॅशबोर्डवरचा लाल-हिरवा रंग कुणीतरी ठरवलेल्या मर्यादेवर चालतो.

दुसरी गोष्ट, एकक. नत्र-स्फुरद-पालाश किलो प्रति हेक्टरमध्ये असतात, सूक्ष्म अन्नद्रव्यं पीपीएममध्ये. एका हेक्टरातल्या वरच्या १५ सेंटीमीटर मातीचं वजन साधारण २२.४ लाख किलो धरतात. म्हणून १ पीपीएम म्हणजे २.२४ किलो प्रति हेक्टर. आपल्या उदाहरणातलं गंधक ७ पीपीएम म्हणजे हेक्टरी सुमारे १५.७ किलो.

सामू ८.१: सगळी गोष्ट इथून सुरू होते

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट दगडापासून बनली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीत कॅल्शियम भरपूर, बऱ्याच ठिकाणी चुनखडीचे पांढरे खडे दिसतात. त्यामुळं सामू ७.५ च्या वर, कधी ८.५ पर्यंत जातो.

सामू वाढला की मातीत असलेली अन्नद्रव्यंही कुलूपबंद होतात. स्फुरद कॅल्शियमशी जोडला जाऊन न विरघळणारा होतो. लोह आणि जस्त मुळांना उचलता येत नाही अशा रूपात जातात. रान गरीब नसतं, तिजोरीची चावी हरवलेली असते.

इथं यूट्यूबची एक अडचण येते. मातीच्या सुपीकतेवरचे चांगले व्हिडिओ बरेचदा दुसऱ्याच मातीबद्दल असतात. कर्नाटकातल्या कोडगू-चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांचं उदाहरण घ्या. तिथं पाऊस प्रचंड, माती तांबडी आणि आम्लधर्मी, कॉफीला सामू साधारण ६ ते ६.५ लागतो. म्हणून तिथले बागायतदार माती तपासून चुना टाकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. आपल्या महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला कॉफी होते, पण तो सातपुड्यातला उंच डोंगराळ भाग. तोच 'चुना टाका, जमीन सुधारा' हा सल्ला ८.१ सामूच्या निलंग्याच्या रानात वापरला तर आधीच बंद असलेल्या कुलपावर दुसरं कुलूप. कोकणातल्या भातशेतीच्या व्हिडिओचंही तसंच. व्हिडिओ बघताना पहिला प्रश्न: याच्या रानाचा सामू किती? तो सांगत नसेल तर पुढं बघण्यात वेळ घालवू नका.

नत्र, स्फुरद, पालाश

नत्र १६५ म्हणजे कमी. घाबरायचं कारण नाही, मराठवाड्यात बहुतेक कार्डांवर नत्र कमीच येतं. उन्हाची तीव्रता जास्त, सेंद्रिय पदार्थ लवकर जळून जातात. आणि सोयाबीन हे शेंगवर्गीय पीक आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींत ब्रॅडिरायझोबियम नावाचे जिवाणू हवेतला नत्र पकडतात आणि पिकाची निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गरज भागवतात. म्हणून सोयाबीनला युरियाचं पोतं ओतणं हा सरळ तोटा आहे. मुळांना आयता नत्र मिळाला की गाठी कमी धरतात, झाड नुसतं माजतं.

गाठी काम करतायत का ते स्वतः बघता येतं. पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी एक झाड हळूच उपटा, गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद. या तपासणीला ॲप लागत नाही. बियाण्याला रायझोबियमची प्रक्रिया पेरणीच्या दिवशीच करायची. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू खत शेवटी आणि सावलीत.

स्फुरद ११ म्हणजे कमी. खरी गरज इथं आहे.

पालाश ४१०. राज्याच्या वर्गवारीत ३०० च्या वर 'अत्यंत जास्त'. बेसाल्टच्या काळ्या मातीत पालाश मुळातच भरपूर असतो. तरी दुकानात '१०:२६:२६ न्या, चांगलं आहे' म्हणून जास्त पालाशचं पोतं हातात दिलं जातं. कार्डावर ४०० च्या वर पालाश असताना ते विकत घेणं म्हणजे वायफाय असताना मोबाईल डेटा जाळणं.

हेक्टर की एकर? इथं पैसे जातात

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस आहे हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक. गावात कुणी हेक्टरात बोलत नाही, सगळे एकरात बोलतात. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, म्हणून एकरी आकडे होतात साधारण १२ : २४ : १२ आणि गंधक ८.

आता कुणी चुकून हेक्टरचे ६० किलो स्फुरद एकराला धरले तर? डीएपीत ४६ टक्के स्फुरद असतो. २४ किलोसाठी ५२ किलो डीएपी पुरतं, म्हणजे जवळपास एक पोतं. ६० किलोसाठी १३० किलो लागेल. फरक ७८ किलोचा. ५० किलोचं पोतं १,३५० रुपयांनी धरलं तर एकरी सुमारे २,१०० रुपये जास्त. पाच एकराला साडेदहा हजार. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे दोन क्विंटलहून जास्त सोयाबीन एका एककाच्या गोंधळात मातीत गेलं.

आता शिफारस आपल्या कार्डाप्रमाणं बदलू. ढोबळ नियम असा: अन्नद्रव्य 'कमी' असेल तर मात्रा २५ टक्के वाढवायची, 'जास्त' असेल तर २५ टक्के कमी, 'अत्यंत जास्त' असेल तर निम्मी. मग एकरी हिशोब:

स्फुरद २४ चे ३० किलो. डीएपी ३० भागिले ०.४६ म्हणजे ६५ किलो.
नत्र: ६५ किलो डीएपीत १८ टक्क्यांनी ११.७ किलो नत्र आपोआप आला. १२ हवा होता. कमी नत्राच्या नियमानं तो १५ करायचा म्हटलं तरी वर युरिया फक्त ७ किलो, आणि गाठी चांगल्या धरत असतील तर मी तोही टाकणार नाही.
पालाश निम्मा, ६ किलो. ६० टक्क्यांचं एमओपी १० किलो.
गंधक ८ किलो. ९० टक्क्यांचं दाणेदार गंधक ९ किलो.

डीएपी मिळत नसेल (जूनमध्ये रांगा लागतात, सगळ्यांना माहीत आहे) तर सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. त्यात १६ टक्के स्फुरद आणि साधारण ११ टक्के गंधक असतो. ३० किलो स्फुरदासाठी १८७ किलो, म्हणजे पावणेचार पोती लागतील. वाहतूक जास्त, पण त्यातून २० किलो गंधक येतो, वेगळा घ्यायची गरज नाही. नत्रासाठी मात्र २६ किलो युरिया द्यावा लागेल. सोयाबीन तेलबियाचं पीक आहे, गंधक तेलासाठी लागतोच. लोक सुपर फॉस्फेट सोडून डीएपीकडे गेले आणि गंधक मात्रेतून गुपचूप निघून गेला. आपल्या उदाहरणात तो ७ पीपीएम आहे, १० च्या खाली कमतरता धरतात.

नॅनो युरियाबद्दल विचारणारे भेटतात म्हणून एक हिशोब. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या ५०० मिलीच्या बाटलीवर नत्र ४ टक्के होता. म्हणजे बाटलीत २० ग्रॅम. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो. पानावरून फवारल्यानं कार्यक्षमता वाढते हे मान्य केलं तरी हजारपटीचं अंतर डोळ्यासमोर ठेवून निर्णय घ्या.

पान पिवळं पडलं: ॲप काय सांगतं, झाड काय सांगतं

जुलैत पाऊस लागून राहिला, रानात पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतं. फोटो काढून एखाद्या ॲपला विचारलं तर ते 'नत्राची कमतरता' म्हणू शकतं, आणि लगेच युरिया पडतो. थांबा, आधी पिवळेपणा कुठं आहे ते बघा.

नत्र झाडात फिरता असतो. कमी पडला की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी. लोह फिरत नाही. म्हणून शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या. जर पानावर पिवळे-हिरवे ठिपके-चट्टे विस्कळीत असतील आणि पानाखाली पांढरी माशी दिसत असेल तर तो पिवळा मोझॅक, विषाणू रोग. त्याला कुठलंच खत लागू पडत नाही, ते झाड उपटून नष्ट करायचं.

चुनखडीच्या रानात पाणी साचल्यावर येतो तो बहुतेक वेळा लोहाचा पिवळेपणा. मातीत लोह टाकून फारसा उपयोग नाही, ते पुन्हा कुलूपबंद होईल. साचलेलं पाणी काढून द्या, वाफसा आल्यावर कोळपणी करा, आणि ०.५ टक्के हिराकस, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट, फवारा. किंवा ग्रेड-२ सूक्ष्म अन्नद्रव्य लेबलवरच्या प्रमाणात. त्यात लोह २.५, जस्त ३ टक्के असतं. ॲपला फोटो द्यायचाच असेल तर एक पान नको. पूर्ण झाड, शेंड्याचं पान आणि खालचं पान असे तीन फोटो द्या आणि रानात पाणी साचलं होतं का तेही लिहा.

जस्त ०.४८, मर्यादा ०.६. एकरी १० किलो झिंक सल्फेट पेरणीआधी जमिनीतून. पण ते डीएपीत मिसळू नका. स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरून बसतात आणि दोन्ही वाया. लोहाची मर्यादा ४.५, आपलं ३.९. तांबे, मंगल, बोरॉन ठीक आहेत, तिकडं पैसे घालवायचे नाहीत.

मातीत खुपसायचा एनपीके सेन्सर घ्यावा का?

ऑनलाईन काही हजारांत मिळतो. तीन ते पाच स्टीलच्या सळया, सोबत वायर किंवा ब्लूटूथ, स्क्रीनवर लगेच नत्र-स्फुरद-पालाश. इंजिनिअर म्हणून माझं स्पष्ट मत: खत ठरवण्यासाठी घेऊ नका. साध्या स्टीलच्या सळीला स्फुरद कोणता आणि पालाश कोणता हे ओळखता येत नाही. असे स्वस्त सेन्सर मातीची विद्युत वाहकता मोजतात आणि सूत्र लावून तिचे तीन आकडे करतात. खात्री करायची असेल तर कुंडीतल्या ओल्या मातीत खुपसून वाचन घ्या, मग थोडं मिठाचं पाणी घालून पुन्हा घ्या. मिठात ना नत्र, ना स्फुरद. तरी तिन्ही आकडे वर गेले तर काय मोजतोय ते कळलं.

प्रयोगशाळेत काम वेगळं चालतं. स्फुरदासाठी सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात माती हलवतात (१९५४ ची ओल्सेन पद्धत, अल्कधर्मी मातीसाठीच बनवलेली), मग रसायन टाकून निळा रंग आणतात आणि त्या निळेपणाची तीव्रता यंत्रानं मोजतात. पालाशासाठी द्रावण ज्योतीत फवारून तिचा रंग मोजतात. 'मग हे काम मोबाईल कॅमेरा करेल की' असं वाटणं साहजिक आहे. होऊ शकतं, पण बंद डबीत, ठरलेल्या दिव्याखाली. उघड्यावर कॅमेऱ्याचा ऑटो व्हाईट बॅलन्स ढगाळ हवेत एक निळा दाखवतो आणि उन्हात दुसरा.

उपग्रहाचे हिरवे-पिवळे नकाशे? सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल १० मीटरचा, एका एकरात साधारण ४० पिक्सेल. रानाचा कोणता कोपरा मागं पडलाय ते छान दिसतं. का मागं पडलाय ते दिसत नाही. आणि जुलै-ऑगस्टात ढगच ढग. माझा सल्ला: या नकाशाचा वापर नमुना कुठून घ्यायचा हे ठरवायला करा.

नमुना घेताना

प्रयोगशाळेत जाणारी अर्धा किलो माती एकरातल्या सुमारे नऊ लाख किलो मातीच्या वतीनं बोलणार असते. ती चुकली तर पुढचं सगळं चुकलं.

रब्बी निघाल्यावर, एप्रिल-मे मध्ये घ्या. खत टाकून दोन-तीन महिने झालेले असावेत. बांधाजवळ, झाडाखाली, विहिरीजवळ, उकिरड्याच्या जागी, जनावरं बसतात तिथं घेऊ नका. रान एकसारखं नसेल, म्हणजे अर्धं काळं-खोल, अर्धं माळाचं, तर दोन वेगळे नमुने. नागमोडी चालत ८-१० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा २० सेंटीमीटर खोल खड्डा करा, आतली सैल माती काढून टाका आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी पातळ चीप घ्या. गंजलेलं खुरपं आणि जस्ताची बादली नको, लोह-जस्ताचे आकडे बिघडतात. प्लास्टिकचं घमेलं वापरा. सगळी माती मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. आत चिठ्ठी: नाव, गट नंबर, तारीख, मागचं पीक, पुढचं पीक, मोबाईल नंबर.

पिशवी तालुका कृषी कार्यालय, लातूरची जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या, फी आणि वेळ तिथंच विचारा. मेच्या शेवटी सगळे एकदम जातात. एप्रिलमध्ये दिली तर अहवाल पेरणीआधी हातात पडण्याची शक्यता चांगली. प्रत्येक खड्ड्याजवळ फोनचं लोकेशन चालू ठेवून एक फोटो काढून ठेवा, तीन वर्षांनी पुन्हा त्याच जागांवरून नमुना घेता येईल आणि ०.४२ चा कर्ब ०.४६ झाला की ०.३८, हे खरंच तुलना करून बघता येईल.